ट्रिपल-एमध्ये अडकलेला शॉर्टस्टॉप : एका बेसबॉल गेमच्या करिअर मोडचे परीक्षण

गेले चार महिने मी एका बेसबॉल व्हिडिओ गेमच्या करिअर मोडमध्ये एक शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या (धावण्याच्या टप्प्यांच्या) मधला क्षेत्ररक्षक, घडवत आहे, आणि त्यांतला बराचसा वेळ चडफडण्यात गेला आहे. गेमचे नाव घेत नाही, कारण मला बोलायचे आहे ते करिअर मोडच्या रचनेविषयी. हा मोड ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इथे पूर्ण संघ आपल्या ताब्यात नसतो. आपण एकच खेळाडू तयार करायचा, ड्राफ्टमध्ये एखाद्या संघाने त्याला निवडायचे, मग मायनर लीगच्या डबल-ए आणि ट्रिपल-ए या पायऱ्या चढून मेजर लीग, म्हणजे अमेरिकी बेसबॉलची सर्वोच्च पातळी, गाठायची. प्रत्यक्षात ही वाट आणखी लांब असते. मेजर लीगच्या ३० संघांपैकी प्रत्येकाच्या हाताखाली पूर्ण मोसम खेळणारे चार मायनर संघ असतात, आणि डबल-एच्या खाली सिंगल-ए व हाय-ए असे आणखी दोन टप्पे असतात. गेम ते गाळतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण डबल-ए ही काही पोरखेळाची पातळी नव्हे. बास्केटबॉल सोडून १९९४ साली बर्मिंगहॅम बॅरन्सकडून डबल-ए खेळायला उतरलेल्या मायकेल जॉर्डनची फलंदाजीची सरासरी .२०२ वर थांबली होती, म्हणजे दहा प्रयत्नांत जेमतेम दोन हिट (बेसवर पोहोचवणारे फटके).

आधी चांगले ते सांगतो. बॅट फिरवण्याचा भाग अप्रतिम आहे. पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) पट्टीपासून फलंदाजासमोरच्या होम प्लेटपर्यंतचे अंतर १८.४४ मीटर असते आणि ताशी ९५ मैलांचा चेंडू ते जेमतेम ०.४ सेकंदात कापतो. तेवढ्या वेळात चेंडू आत येतो आहे की बाहेर, सरळ आहे की शेवटच्या क्षणी खाली घसरणारा, हे ओळखून बटण दाबायचे असते. पहिले दोन आठवडे मी हवाच मारत होतो. नंतर एके रात्री पिचरच्या हातातून सुटतानाच चेंडू ‘दिसू’ लागला, आणि बॅटच्या बरोबर मध्यभागी बसलेल्या फटक्याचा तो कोरडा, लाकडी आवाज ऐकून मी खुर्चीतून उठलो. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉल कळायला याहून चांगली शिकवणी मिळणार नाही.

कुरबुर सुरू होते ती खेळाडू मैदानाबाहेर आल्यावर, म्हणजे नेमकी ‘करिअर’ या शब्दाचा अर्थ सुरू होतो तिथे.

माझ्या शॉर्टस्टॉपने डबल-एमध्ये एक मोसम काढला आणि ट्रिपल-एमध्ये दुसरा. ट्रिपल-एचा मोसम १५० सामन्यांचा असतो. त्यात त्याची सरासरी .३४० होती. बेसबॉलमध्ये दहा प्रयत्नांत तीनदा यशस्वी होणारा फलंदाज उत्तम समजला जातो, आणि मेजर लीगच्या अमेरिकन व नॅशनल या दोन लीगमध्ये १९४१ साली टेड विल्यम्सने .४०६ ची सरासरी राखल्यानंतर कोणालाही पूर्ण मोसमात .४०० गाठता आलेले नाही, एवढे सांगितले की .३४० म्हणजे काय ते लक्षात येईल. तिसऱ्या मोसमातही तो ट्रिपल-एमध्येच होता. दर काही आठवड्यांनी मॅनेजरशी संभाषणाचा प्रसंग येतो, त्यात मॅनेजर ‘असाच खेळत राहा’ अशा अर्थाचे काहीतरी पुटपुटतो, मला तीन उत्तरांपैकी एक निवडावे लागते, आणि कोणतेही निवडले तरी दुसऱ्या दिवशी मी त्याच गावच्या त्याच मैदानावर असतो. मोठ्या संघात माझ्या जागी खेळणारा शॉर्टस्टॉप त्या वेळी .२१५ च्या सरासरीने चाचपडत होता. हे मला गेमच्याच तक्त्यात दिसत होते, म्हणून त्रास अधिक.

खेळाडू अडकून पडतो, याला माझा आक्षेप नाही. खऱ्या बेसबॉलमध्येही खेळाडू अडकतात, पण तिथे त्यामागे कारणे असतात आणि ती कारणे खेळाइतकीच रंजक असतात. मेजर लीगच्या संघात मोसमाचा बहुतेक काळ २६ खेळाडू असतात आणि त्यामागे ४० जणांची एक मोठी यादी असते. त्या यादीत नसलेल्या खेळाडूला वर बोलवायचे तर आधी दुसऱ्या कोणाला तरी बाहेर काढावे लागते, आणि बाहेर काढलेला माणूस दुसरा संघ उचलून नेऊ शकतो. यादीत असलेल्या तरुणाला खाली पाठवण्याची मुभा संघाला साधारणपणे तीन मोसमच मिळते. त्याहून गुंतागुंतीचा हिशेब सेवाकाळाचा. मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की खेळाडूचे एक वर्ष धरले जाते, आणि अशी सहा वर्षे पूर्ण झाली की तो कोणत्याही संघाशी करार करायला मोकळा होतो. शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटचे उदाहरण बेसबॉलच्या चाहत्यांना तोंडपाठ आहे. २०१५ च्या वसंतातील सराव सामन्यांत त्याने नऊ होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके) ठोकले होते, तरीही त्याला मोसमाच्या सुरुवातीला ट्रिपल-एमध्ये पाठवले गेले आणि १७ एप्रिलला वर आणले गेले. मोसमअखेर त्याच्या खात्यावर १७१ दिवस जमा झाले, म्हणजे एक दिवस कमी, आणि त्याची मोकळीक वर्षभर लांबली. त्या मोसमात तो सर्वोत्तम नवोदित ठरला. त्याने केलेल्या तक्रारीचा निकाल २०२० साली त्याच्या विरोधात गेला.

या एका प्रसंगात जेवढे नाट्य आहे तेवढे माझ्या तीन मोसमांत मिळून नाही. गेमने मला सांगितले असते की ४० जणांच्या यादीत जागा नाही, किंवा तुझे दिवस मोजले जात आहेत, किंवा वरच्या शॉर्टस्टॉपचा करार अजून दोन वर्षे बाकी आहे आणि त्याला बाकावर बसवायला मालक तयार नाही, तर मी रागावलो असतो, पण गेमवर नव्हे, त्या काल्पनिक मालकावर. पद्माकर शिवलकर यांना ५८९ प्रथम श्रेणी बळी घेऊनही कसोटी का खेळता आली नाही, हे मुंबईत कोणीही सांगेल : पुढे बिशनसिंग बेदी होते. दुःख तेच राहते, पण त्याला नाव मिळते. माझ्या शॉर्टस्टॉपच्या दुःखाला नाव नाही. एक आकडा कुठल्या तरी अदृश्य आकड्याहून खाली आहे, एवढेच.

तो आकडा वाढतो कसा, हे पाहिल्यावर माझा उरलासुरला संयमही संपला. गेम प्रत्येक चेंडूच्या परिणामाला गुण देतो. हिट मिळाली की फलंदाजीचे गुण वर, बाद झालो की खाली. परंतु बेसबॉलमध्ये कडक, सपाट, दोरीसारखा ताणलेला फटका थेट तिसऱ्या बेसवरच्या माणसाच्या हातमोज्यात जाऊ शकतो, आणि बॅटच्या कडेला लागून कसाबसा उडालेला चेंडू तीन क्षेत्ररक्षकांच्या मधोमध पडू शकतो. होम रन वगळता मैदानात खेळल्या गेलेल्या चेंडूंपैकी साधारण ३० टक्केच हिट ठरतात, आणि थोड्या सामन्यांत हे प्रमाण नशिबाने कितीही हेलकावते. म्हणूनच २०१५ पासून मेजर लीगच्या प्रत्येक मैदानावर फटक्याचा वेग आणि कोन मोजले जातात, आणि ताशी ९५ मैल किंवा अधिक वेगाने सुटलेला फटका जोरकस म्हणून वेगळा मोजला जातो, मग तो झेलला गेला तरी. माझ्या गेममध्ये हा वेग पडद्यावर दाखवतात. ताशी १०६ मैल, असे मोठ्या अक्षरांत येते. त्याच्याच खाली, झेलबाद झाल्याबद्दल गुण कापल्याचा लाल बाण येतो.

‘वॉक’चे तर विचारूच नका. ठरलेल्या चौकटीबाहेरचे चार चेंडू न खेळता सोडून संयमाने पहिला बेस मिळवणे ही मोठी कला आहे. ओकलंडच्या संघाने २००२ साली सलग २० सामने जिंकले, त्या काळापासून संघांचे व्यवस्थापक फलंदाज बेसवर किती वेळा पोहोचतो याला सरासरीपेक्षा अधिक किंमत देऊ लागले. गेममध्ये वॉकला इतके किरकोळ गुण आहेत की दोन महिन्यांनी मी दिसेल त्या चेंडूवर बॅट फिरवू लागलो. म्हणजे ज्या मोडने मला चेंडू पाहायला शिकवले, त्यानेच तो न पाहायला भाग पाडले. माझ्या मते हा या गेमचा सर्वांत मोठा दोष आहे, बढती न मिळण्यापेक्षाही मोठा.

जागेचा घोळ वेगळाच. तिसऱ्या मोसमाच्या मध्यावर मॅनेजरने मला लेफ्ट फील्डला (मैदानाच्या मागच्या डाव्या भागात) खेळशील का, असे विचारले. मी नम्रपणे नकार दिला. तीन आठवड्यांनी पहिल्या बेसबद्दल विचारणा झाली, पुन्हा नकार. शॉर्टस्टॉप ही क्षेत्ररक्षणातली अत्यंत अवघड जागा आहे आणि तिच्यासाठीच मी चपळता व फेकीची ताकद यांवर सगळे गुण खर्च केले होते. शेवटी मेजर लीगचे बोलावणे आले ते नियुक्त फलंदाज म्हणून, म्हणजे ज्याने हातमोजा घालायचाच नाही अशा माणसाच्या जागी. दीडशे सामन्यांत कमावलेली ती सगळी चपळता बाकावर माझ्या शेजारी येऊन बसली. वर, दुसऱ्या संघात पाठवा अशी विनंती करण्याची सोय आहे. ती मी वापरली, आणि मला ज्या संघात धाडण्यात आले त्याच्याकडे दोन उत्तम शॉर्टस्टॉप आधीपासून होते. कराराची बोलणी म्हणजे एक रक्कम आणि ‘मान्य’ असे एक बटण. एजंट आहे, पण तो हिशेब करत नाही, फक्त अभिनंदन करतो.

सामना खेळण्याची पद्धत अशी आहे की फक्त आपली फलंदाजीची वेळ आणि आपल्याकडे येणारे चेंडू दाखवले जातात, बाकीचे गाळले जाते. त्यामुळे सामना दहा मिनिटांत संपतो, जे नोकरी-संसार सांभाळून खेळणाऱ्याला सोयीचे आहे. मात्र सहाव्या इनिंगमध्ये ३–२ असलेला फलक पुढच्या क्षणी ३–८ होतो आणि आपल्या पिचरची धुलाई कशी झाली हे कधीच कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे सामने वगळण्याची सोय. दिवाळीच्या गडबडीत मी एक आठवडा आपोआप खेळू दिला. परत आलो तेव्हा माझा .३४० वाला शॉर्टस्टॉप सहा सामन्यांत दोन हिट्स मिळवून बसला होता. तेव्हापासून वगळणे बंद. मोसम मात्र १५० सामन्यांचाच राहिला.

पैशांचा विषय टाळता येत नाही. बॅट, हातमोजे, बूट अशा साहित्याने खेळाडूची क्षमता वाढते, ते साहित्य गेममधल्या चलनावर मिळते, आणि ते चलन खऱ्या पैशांनीही विकत घेता येते. पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या गेममध्ये बढती लांबावी आणि त्याच पडद्यावर चांगल्या बॅटची जाहिरात झळकावी, यात काही हेतू नसेलही, पण मनात शंका आल्याशिवाय राहत नाही. मी एक पैही खर्च केली नाही आणि त्याशिवाय भागते, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. फक्त वेळ दुप्पट लागतो.

समालोचन पहिल्या महिन्यात छान वाटते, तिसऱ्या महिन्यात मी ते बंद केले. सहकारी खेळाडू मुके आहेत.

वैतागून मध्यंतरी मी दुसरा खेळाडू तयार केला, पिचर, आणि आश्चर्य म्हणजे तिथे हा मोड बराच शहाण्यासारखा वागतो. सुरुवात करणारा पिचर पाच दिवसांतून एकदा खेळतो, त्यामुळे मोसम लवकर सरकतो. कोणता चेंडू, कुठे आणि कोणत्या क्रमाने टाकायचा हा निर्णय पूर्णपणे आपला असतो. आणि एका सामन्यात आपण ९० ते १०० चेंडू टाकत असल्यामुळे नशिबाचा एखादा फटका गुणांमध्ये विरून जातो. सामन्याचा ओघही तुटत नाही. फलंदाजी आणि पिचिंग दोन्ही करणाऱ्या जपानी ओहतानी शोहेईने २०२१ साली ४६ होम रन आणि पिचर म्हणून नऊ विजय अशी जी कामगिरी केली, तिच्या मोहाने दोन्ही भूमिका एकत्र करणारा खेळाडू निवडावासा वाटेल, पण मी तो घेऊ नका असे सांगेन. गुण दोन्हीकडे वाटले जातात आणि वर उल्लेखलेले फलंदाजीचे सगळे दोष जसेच्या तसे सोबत येतात.

ज्यांना हा किंवा अशा धाटणीचा गेम घ्यायचाच आहे, त्यांनी मोसम संपत आल्यावर, ऑक्टोबरनंतर, सवलतीत घ्यावा. दरवर्षी नवी आवृत्ती येते आणि माझ्या गेममध्ये जुन्या आवृत्तीतला खेळाडू नव्या आवृत्तीत नेता येत नाही, तेव्हा मार्चमध्ये पूर्ण किंमत मोजण्याची घाई करू नये. टीव्हीवर ‘गेम मोड’ चालू करावा, कारण ०.४ सेकंदांच्या खेळात पडद्याने केलेला थोडासा उशीरही प्रत्येक फटका बिघडवतो. माझे पहिले दोन आठवडे काही अंशी त्यातच गेले. पहिला खेळाडू पिचर करावा. फलंदाजच करायचा असेल तर एकच जागा पकडून बसू नये, आणि मॅनेजरने लेफ्ट फील्ड विचारले तर निमूटपणे हो म्हणावे. मी आता म्हणालो आहे. माझा शॉर्टस्टॉप सध्या लेफ्ट फील्डला उभा असतो, त्याच्याकडे सामन्यातून दोन चेंडू येतात, आणि पाच आठवड्यांत त्याला सलग एकतीस सामने खेळवण्यात आले आहे.