होलची जागा: प्लस-मायनस की ट्रू पोझिशन?

ड्रॉइंग काढताना होलची जागा कडेपासून 40 ±0.1, 30 ±0.1 मिमी अशी द्यायची, की मापं चौकटीत टाकून खाली फ्रेममध्ये (टॉलरन्सच्या चौकटीत) व्यास 0.28 लिहायचा, म्हणजे होलचं केंद्र खऱ्या जागेभोवतीच्या 0.28 व्यासाच्या गोलात असलं की झालं (ट्रू पोझिशन)? मी बरीच वर्षं पहिल्या पद्धतीवर काढली. आता बोल्टच्या होलना दुसरीच लावतो.

याला कारण एक फ्लँज (बोल्टने जोडायची चकती). एम8 बोल्टसाठी चार होल, साइज 8.4 ते 8.6. त्यातलं एक एक्समध्ये 0.12 सरकलं, वायमध्ये 0.02. पार्टीने लॉट परत पाठवला. मी मेटिंग प्लेट (फ्लँजला जोडायची प्लेट) घेऊनच गेलो, समोर चारही बोल्ट बोटांनी सोडले, टपाटप खाली गेले. इन्स्पेक्टर म्हणाला, "साहेब, प्लेटवर बसतंय, ड्रॉइंगमध्ये बसत नाही." त्याचंही बरोबरच होतं. ±0.1 चा झोन, म्हणजे होलचं केंद्र जिथे चालतं ती जागा, चौकोनी. कोपऱ्याकडे 0.14 गेलेलं होल पास, सरळ बाजूला 0.12 गेलेलं नापास. गोल बोल्टला कोपऱ्याचं काय कौतुक? तेच होल ट्रू पोझिशनने काढा: दोन्ही फरकांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ, दुप्पट. 0.243 येतं, पास. झोनचं क्षेत्रफळ दीडपट होतं आणि मेटिंगला काही फरक पडत नाही.

फ्रेममध्ये गोलातला एम (म्हणजे 0.28 ही सूट होल सर्वांत लहान, 8.4 असतानाची) असेल तर आणखी सूट. होल 8.55 झालं तर 8.4 च्या वरचे 0.15 बोनस, म्हणजे 0.43 पर्यंत चालतं. तपासायला 8.12 च्या (8.4 वजा 0.28) चार पिनांचा गेज पुरतो, प्रत्येक जॉब सीएमएमवर (कोऑर्डिनेट मोजणाऱ्या मशीनवर) चढवायला नको. होलची साइज मात्र वेगळी बघावी लागते.

तरी प्लस-मायनस अगदीच टाकाऊ नाही. दोन-चार नगांचं काम, डीआरओवर (मशीनच्या डिजिटल आकड्यांवर) मिलिंग, हाइट गेजने चेकिंग, तिथे फ्रेम वाचत बसण्यात अर्थ नाही. डेटम ए, बी, सी (ज्या पृष्ठभागांपासून मोजायचं ते) नीट न ठरवता नुसती फ्रेम चिकटवली तर उलट जास्त भांडणं होतात, तीही बघितलीत. आणि 0.243 हा आकडा व्हीएमसीवाल्याला (सीएनसी मिलिंग मशीन चालवणाऱ्याला) होल कुठल्या बाजूला सरकलंय ते सांगत नाही. तो ऑफसेट कशाच्या जोरावर बदलणार? म्हणून ट्रू पोझिशन घ्याच, पण रिपोर्टवर एक्स-वायचे आकडे चिन्हासकट मागून घ्या.