ऐकून घेणं आणि उपाय सांगणं

बायका जास्त बोलतात, हा समज आधी बाजूला ठेवू. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिका आणि मेक्सिकोतल्या 396 विद्यार्थ्यांचं बोलणं यंत्रावर टिपलं होतं. हिशेब निघाला तो असा: मुलींचे दिवसाला सुमारे 16,200 शब्द, मुलांचे 15,700. म्हणजे जवळपास सारखेच.

फरक आहे तो कशासाठी बोलायचं यात. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनन यांच्या मते पुरुषांचं बोलणं बहुधा माहिती देणारं, आपलं स्थान राखणारं असतं, तर बायकांचं जवळीक जोडणारं. बायको घरी येऊन सांगते, "आज साहेब सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले." नवरा लगेच, "मग बदली माग ना!" त्याला काळजी वाटते म्हणूनच तो उपाय सांगतो. तिला मात्र वाटतं, यानं ऐकूनच घेतलं नाही. मैत्रीण असती तर आधी म्हणाली असती, "अगं, काय सांगतेस!" आणि मग स्वतःचाही तसाच एखादा अनुभव निघाला असता. मला दोन्ही पद्धती मायेच्याच वाटतात, फक्त पहिली जरा घाई करते.

मध्येच बोलणं तोडण्याबद्दल मात्र मी इतकी उदार नाही. झिमरमन आणि वेस्ट या समाजशास्त्रज्ञांच्या 1975 च्या अभ्यासात, स्त्री-पुरुषांच्या 11 संभाषणांत 48 पैकी 46 वेळा पुरुषांनीच समोरचीला तोडलं होतं. नमुना छोटा आहे, मान्य. पण सोसायटीच्या मीटिंगला बसून पाहा. तिथे "त्यांचं पूर्ण होऊ द्या" असं अध्यक्षांनी ठणकावून म्हणायलाच हवं.