स्टँडवरचा दिवा आणि डिमिंग थर्मोस्टॅट: बंड्याच्या पिंजऱ्यावर नऊ महिने

गेल्या नोव्हेंबरात आमच्या बंड्याचा डोक्यावरचा तुरा पिंजऱ्यावरच्या उबेच्या दिव्याने भाजला. बंड्या म्हणजे येमेनी कॅमेलिऑन, रंग बदलणारा सरडा, नर, तेव्हा अकरा महिन्यांचा. कोकणात ज्याला घोयरा म्हणतात त्याचाच हा येमेनकडचा भाऊबंद. (घोयरा भारतात कायद्याने संरक्षित आहे, तो धरून पाळू नका. बंड्याला मी इथे न्यू जर्सीत पैदास करणाऱ्याकडून घेतलं.)

आधी दिवा ७५ वॅटचा होता आणि थेट छताच्या जाळीवर टेकवलेला. फांदीवरचा थर्मामीटर ८५ अंश फॅरनहाइट दाखवायचा, म्हणजे सुमारे २९ सेल्सिअस. प्रौढ नराला एवढंच लागतं, म्हणून मी निर्धास्त होतो. पण ते तापमान पायांपाशी होतं. पिल्लू असताना त्याची पाठ आणि जाळी यांत वीतभर अंतर होतं. वर्षभरात तो वाढला, तुरा उंच झाला आणि फांदी मात्र होती तिथेच राहिली. त्यात त्याला जाळीला उलटं लटकायची सवय. चटका बसला तर बाजूला होईल असं मला वाटायचं, पण तसं होत नाही. झोत अरुंद असला की तुऱ्याचं टोक करपतं तेव्हाही बाकीचं अंग गारच असतं, आणि अंग तापेपर्यंत तो जागा सोडत नाही.

पहिल्या दिवशी टोकावर फिकट डाग दिसला. कात टाकतोय असं समजून मी तिकडे दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी तो डाग काळा पडला. हे दोन दिवस मी घालवायला नको होते. फिकट डाग दिसला की त्याच क्षणी दिवा वर उचला आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठा. आई फोनवर म्हणाली, "अरे, हळद लाव, नाहीतर कोरफड." डॉक्टरांनी घरगुती काहीही लावायला मनाई केली. सलाइनने जखम धुवायची, सिल्व्हर सल्फाडायझिन मलमाचा पातळ थर द्यायचा, डोळ्यात जाऊ द्यायचं नाही. दुखणं कमी करायचं औषध त्यांनी वजनावरून ठरवून दिलं. पाण्याची फवारणी वाढवायला सांगितली. खपली ओढायची नाही. ऊब मात्र पूर्ण बंद करायची नाही, कारण अंग गार राहिलं तर त्याला अन्नही पचत नाही आणि जखमही भरत नाही. खपली फेब्रुवारीत कातीबरोबर गळाली. टोकाला खाच राहिली आहे, ती आता भरणार नाही.

आता सामानाविषयी. सगळ्यात उपयोगी ठरला तो साधा लोखंडी स्टँड. त्याच्यामुळे दिवा जाळीपासून सहा इंच वर गेला आणि तुऱ्यापासून सुमारे फूटभर. बल्ब ५० वॅटचा, रुंद झोताचा हॅलोजन घेतला. आता झोत पाठभर पसरतो आणि बंड्या पूर्वीपेक्षा लवकर तापून खाली उतरतो. रात्री दिवा पूर्ण बंद, लाल बल्बही नाही. रात्रीचा गारवा त्याला हवाच असतो.

थर्मोस्टॅट म्हणजे तापमान बघून दिवा कमी-जास्त करणारं यंत्र. त्याच्याबद्दल माझं मत संमिश्र आहे. जुलैत खोलीच ८० अंशांवर गेली तेव्हा त्याने दिवा आपोआप मंद केला, ते काम चोख. घ्यायचा तर डिमिंगचाच घ्या. चालू-बंद करणाऱ्याने उजेड सारखा लुकलुकतो. पण एप्रिलमध्ये त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरचं टोक, निसटून तळाशी पडला. तिथे गार, म्हणून यंत्राने दिवा पूर्ण जोरात लावला, आणि मी तेव्हा ऑफिसात. बंड्याला काही झालं नाही ते केवळ दिवा उंचावर होता म्हणून. तेव्हापासून मी थर्मोस्टॅटला सुरक्षेचं साधन धरत नाही. दिवा पूर्ण जोरात असतानाही तुऱ्यापाशी ९० च्या वर जाणार नाही एवढं अंतर आधी ठेवायचं, डिमर त्यानंतर. प्रोब आता दोन ठिकाणी झिपटायने बांधलेला आहे आणि रोज सकाळी मी तो हलवून बघतो.

मोजायला तापमानाची गन वापरतो. ती हवेचं नाही, समोरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगते, म्हणून तिच्यासमोर ठेवायला काहीतरी लागतं. गेल्या आठवड्यात नवी फांदी बसवली तेव्हा तुऱ्याच्या उंचीवर गडद कॉर्कचा तुकडा बांधला आणि अर्धा तास दिवा पूर्ण जोरात ठेवला. ९४ आले. फांदी दोन इंच खाली घेतली, पुन्हा अर्धा तास थांबलो, ८६ आले. मग बंड्याला आत सोडलं.