मराठी व्हॉइस टायपिंग: ऐकतं छान, पण धीर नाही

आईची बोटं आखडतात म्हणून तिच्या फोनवर एक मराठी व्हॉइस टायपिंगचा कीबोर्ड टाकून दिलाय, तिचं सगळं व्हॉट्सॲप आता त्यावरच चालतं. ऐकतो एकदम छान, ळ आणि ल मध्ये गडबड नाही, मधेच रिचार्ज, अपॉइंटमेंट असे शब्द आले तरी अडत नाही. त्याला पूर्ण मार्क.

घोळ आहे तो थांबण्यात. आई म्हणते "काल मी बाजारातून..." आणि जरा आठवायला थांबली की माईक बंद, अर्धं वाक्य तसंच लटकलेलं! अहो, मराठीत क्रियापद शेवटी येतं, ते अजून आलंच नाहीये तर वाक्य संपलं कसं? आणि आंबा आणला, चिंच आणली, केळं आणलं, म्हणजे वस्तू डोक्यात पक्की झाल्याशिवाय ते क्रियापद जुळतही नाही, मग माणूस तिथे थांबणारच ना.

विलेम लेव्हेल्ट या डच मानसशास्त्रज्ञाने 1989 मध्येच हे नीट मांडून ठेवलंय. आधी काय सांगायचं ते ठरतं, मग शब्द आणि व्याकरण, मग उच्चार, पण पूर्ण वाक्य तयार होईपर्यंत तोंड थांबत नाही, ते पहिला तुकडा बोलत असतं तेव्हा डोकं पुढचा रचत असतं. म्हणून तर घाईत पोळी-भाजीची "भोळी-पाजी" होते, पुढच्या शब्दातला भ आधीच तयार होऊन बसलेला असतो. आणि पुढचा तुकडा वेळेत आला नाही की आपण "अं... ते हे आपलं..." करतो. ते "अं" म्हणजे काम चालू आहे!

समोरच्या माणसाला हे बरोबर कळतं. 2009 साली 10 भाषांमधल्या गप्पा तपासल्या होत्या, प्रश्न संपून उत्तर सुरू व्हायला सरासरी साधारण 200 मिलिसेकंदच लागतात, आणि साध्या चित्राचं नाव सांगायलाच 600 च्या आसपास, म्हणजे ऐकणारा वाक्य कुठे संपणार ते आधीच ओळखतो आणि उत्तर जुळवायला घेतो. हा कीबोर्ड नुसती शांतता मोजतोय असंच वाटतं, वाक्याकडे बघतच नाही.

वयस्कर माणसांना, अडखळत बोलणाऱ्यांना याचा फार त्रास होतो, आई तर आता घाईघाईने बोलायला लागलीये, ते मला अजिबात आवडत नाही.

"येते गं", "पोचलो" असल्या छोट्या मेसेजला बिनधास्त वापरा. पाचपैकी तीन स्टार, माईक किती वेळ थांबेल याचं सेटिंग दिलंत तर लगेच चार करते.