मंडळाच्या चिटणिसासाठी जीमेल: चांगले, पण सेटिंग बदलूनच

इंदूरातल्या एखाद्या मराठी मंडळाच्या पत्रव्यवहाराला मोफत जीमेल पुरून उरते. दिवसाला ५०० जणांपर्यंत मेल जातो. एवढे सभासद असले तर आनंदच.

पण आहे तसे वापरले की घात होतो. ‘अनडू सेंड’ची, म्हणजे ‘पाठवा’ दाबल्यावर मेल थांबवण्याची, मुदत मुळात ५ सेकंदच असते. ब्राउझरमधून सेटिंग्जच्या ‘जनरल’मध्ये ती ३० करावी. गेलेला मेल परत येत नसतो. तेवढा वेळ तो निघालेलाच नसतो. म्हणून पत्ते सगळ्यात शेवटी टाकण्याची सवय याहून भरवशाची.

बैठकीच्या सूचनेत ‘टू’मध्ये मंडळाचाच पत्ता, सभासद ‘बीसीसी’त, म्हणजे एकमेकांचे पत्ते न दिसणाऱ्या रकान्यात. ‘सीसी’त ऐंशी जण घातले की सगळ्यांचे पत्ते चव्हाट्यावर, आणि एकाने ‘रिप्लाय ऑल’ दाबले की ‘येतो’, ‘आम्हीही’, ‘जमणार नाही’ अशी वरातच निघते.

दुसरी खोड धाग्याची, म्हणजे एका विषयाच्या मेल-उत्तरांच्या साखळीची. जुन्याच मेलला उत्तर देऊन नवे काम सांगितले, तर ते त्या धाग्याच्या तळाशी जाते. गणेशोत्सवाच्या हिशेबाखाली हॉलच्या बुकिंगचा प्रश्न कोण शोधणार? उत्तराच्या बाणाशेजारच्या यादीत ‘एडिट सब्जेक्ट’ आहे. विषय बदलला की नवा धागा सुरू होतो. तिथे नुसते ‘महत्त्वाचे’ नको. ‘हॉल: शुक्रवारपर्यंत होकार हवा’ असे लिहावे. फोनवर विषयाची शेपटी कापली जाते, म्हणून काम आधी.

फाइल २५ एमबीच्या वर गेली की जीमेल ती ‘ड्राइव्ह’ या गूगलच्या ऑनलाइन साठ्यात ठेवून लिंक टाकते. पाठवताना येणारा परवानगीचा प्रश्न घाईत डावलला, तर वाचणाऱ्याला बंद दार दिसते. इंग्रजीत ‘अटॅच्ड’ लिहून फाइल विसरली तर जीमेल हटकते. ‘सोबत जोडले आहे’ लिहिताना त्या भरवशावर राहू नये.

मराठीसाठी भाषेच्या सेटिंगमध्ये ‘इनपुट टूल्स’ चालू करावे. रोमनमध्ये टाइप केले की देवनागरी उमटते. नगर निगमासाठी हिंदीही जोडून ठेवावी. छपाईसाठीच्या जुन्या डीटीपी फॉन्टमधले इतिवृत्त मात्र चिकटवू नये. आतली अक्षरे रोमनच असतात, त्यामुळे समोरच्याला पोह्यांवर भुरभुरलेल्या शेवेसारखा चिन्हांचा चुरा मिळतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्यावे, नाहीतर पीडीएफ जोडावी.

परदेशातल्या सभासदांसाठी ठरल्या वेळी मेल पाठवणारे ‘शेड्यूल सेंड’ उत्तम, फक्त ते वेळ आपल्या घड्याळाची धरते. न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. जूनमध्ये इथली संध्याकाळची ६.३० लावली की तिथे सकाळी ९ ला पोचते.