एअर रायफल की एअर पिस्तूल: नेमबाजीची सुरुवात कशाने करावी?

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने एअर पिस्तूलमध्ये आणि आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकलं. ते पाहून घराघरांत मुलांनी हट्ट धरला. पण आवडत्या खेळाडूकडे बघून शस्त्र ठरवू नका, अशी माझी पहिलीच विनंती आहे.

दोन्हींतून उडतो तो छर्रा सारखाच: ४.५ मिलिमीटरचा, शिशाचा, जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. कमरेत बारीक आणि पुढून सपाट. सपाट तोंडामुळे कागदी टार्गेटवर स्वच्छ गोल भोक पडतं. मागची पोकळ कड हवेच्या दाबाने फुगते, नळीतल्या पीळदार खाचांत घट्ट बसते आणि छर्रा स्वतःभोवती फिरत सरळ जातो. रायफलमधून तो सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने निघतो, पिस्तुलातून १५० च्या आसपास. टार्गेट दहा मीटरवर असतं. तेवढं जाताना तो नळीच्या रेषेखाली दोनेक सेंटिमीटर उतरतो, पण साइट, म्हणजे नेम धरायची खूण, त्या हिशेबानेच जुळवलेली असते. रेंज बंदिस्त असल्याने वाऱ्याचाही प्रश्न नाही. म्हणजे छर्ऱ्याच्या प्रवासावरून निवड करण्यासारखं इथे काही नाही. खरा फरक शरीराला जाणवतो.

रायफल साडेपाच किलोपर्यंत जड असू शकते. तिचं वजन दंडाने पेलायचं नसतं. डावा कोपर कंबरेच्या हाडावर टेकवून ते थेट पायांत सोडायचं असतं, आणि जाड, ताठ जॅकेट-पँट पाठीला आधार देतात. बारीक भोकाच्या साइटमधून डोळा लावायचा. दहा गुणांचा मधला ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा! शिवाय गुण दशांशात मोजतात, त्यामुळे १०.१ आणि १०.९ यांतही स्पर्धा निघून जाते. रायफल शिकणारा उभं कसं राहायचं, श्वास कुठे थांबवायचा हे महिनोन्‌महिने घोटत राहतो. चूक झाली की ती बहुधा उभं राहण्यात सापडते, आणि सापडली की दुरुस्त होते.

पिस्तूल दीड किलोच्या आत, पण एका हातात, हात लांब करून, कशाचाही आधार नाही. हात कधीच पूर्ण स्थिर होत नाही. ते डोलणं मान्य करून, ट्रिगर न हिसकता सावकाश दाबत जायचं. ट्रिगरचा दाब किमान ५०० ग्रॅम असावा लागतो. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, म्हणून लांबून सोपं वाटतं. प्रत्यक्षात एक बोट बिचकलं की छर्रा थेट सातात. हलणाऱ्या हाताने वैतागणाऱ्या मुलाला मी पिस्तूल देणार नाही. उलट तासभर जाड जॅकेटात एकाच पवित्र्यात उभं राहणं ज्याला जाचतं, त्याला रायफल नको.

खर्चाचं स्पष्ट बोलायला हवं. परदेशी बनावटीचं स्पर्धेचं शस्त्र कुठलंही घ्या, लाखाच्या वर जातं. रायफलला जॅकेट, पँट, बूट, हातमोजा वेगळे, आणि वाढत्या वयाच्या मुलाला जॅकेट लवकर आखूड होतं. पैशांची ओढाताण असेल तर पिस्तूल बरं. काहीही असो, आधी काही महिने रेंजच्या शस्त्रावर सराव करा, मग खरेदी. आणि छर्रे हाताळून झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही, शिसं पोटात जाता कामा नये.

आता .२२ बद्दल, म्हणजे ५० मीटर रायफल आणि २५ मीटर पिस्तूल या प्रकारांत वापरतात त्या, हवेऐवजी दारूच्या काडतुसावर चालणाऱ्या बंदुकीबद्दल. तिची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची, वेग आवाजाच्या थोडा खाली, आणि ऊर्जा एअर रायफलच्या जवळपास वीसपट. पन्नास मीटरवर ती नळीच्या रेषेखाली बारा-तेरा सेंटिमीटर उतरते, आणि उघड्या रेंजवर साधी झुळूकही तिला दहाच्या बाहेर ढकलते. मग वारा वाचणं हा वेगळाच अभ्यास सुरू होतो. कायदाही वेगळा: २० ज्युलच्या आतल्या ४.५ मिलिमीटर एअर गनला परवाना लागत नाही, .२२ ला लागतो. स्वप्निलच्या प्रकाराकडे जाणारी वाट एअर रायफलवरून जाते. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतने सुवर्ण जिंकलेल्या २५ मीटर पिस्तूलची वाट एअर पिस्तूलवरून. पहिल्या वर्षी .२२ चा विचारच नको.