साधा की संलग्न? डॉमिनेटिंग सेटची निवड

संवेदकांच्या जाळ्यात नियंत्रक कुठे बसवावेत हे ठरवणाऱ्या एका विद्यार्थ्याला प्रश्न पडला होता: साधा डॉमिनेटिंग सेट घ्यावा की संलग्न? जाळ्याचे चित्र म्हणजे आलेख, त्यातला प्रत्येक संवेदक म्हणजे शिरोबिंदू आणि थेट जोडलेले दोन शिरोबिंदू म्हणजे शेजारी. डॉमिनेटिंग सेट म्हणजे निवडलेल्या शिरोबिंदूंचा संच; दोन्हींत प्रत्येक शिरोबिंदू संचात असतो किंवा संचातल्या एखाद्याचा शेजारी असतो. संलग्न प्रकारात संचातले शिरोबिंदू आपसांतही जोडलेले असावे लागतात, म्हणजे संचाबाहेर न जाता एकापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचता यावे लागते.

खर्चाचा फरक मोठा आहे. 12 शिरोबिंदूंच्या सरळ पथात 2, 5, 8 आणि 11 हे चार पुरतात, म्हणजे डॉमिनेशन संख्या (सर्वांत लहान संचाचा आकार) 4. संलग्न संचाला मात्र दोन टोके सोडून उरलेले सर्व 10 लागतात. संलग्न आलेखात (जिथे कुठूनही कुठेही पोहोचता येते) साध्या प्रकाराची डॉमिनेशन संख्या γ असेल, तर संलग्न प्रकाराची 3γ − 2 पेक्षा जास्त होत नाही, आणि इथे ती नेमकी त्या मर्यादेवर आहे.

बिघाडाचे चित्र अधिक बोलके आहे. साध्या संचातला 5 बंद पडला, की 4, 5 आणि 6 उघडे पडतात. संलग्न संचात तोच बंद पडला, तर सर्वांवर देखरेख कायम राहते, पण संदेशमार्ग तुटतो.

किमान संच शोधणे सर्वसाधारण आलेखात दोन्हींसाठी एनपी-हार्ड आहे, म्हणजे त्यासाठी कोणतीही जलद रीत माहीत नाही. वृक्षात (वर्तुळाकार मार्ग नसलेल्या संलग्न आलेखात) मात्र संलग्न संच आयताच मिळतो, कारण तीन किंवा अधिक शिरोबिंदू असल्यास पाने, म्हणजे एकच शेजारी असलेले शिरोबिंदू, सोडून उरलेले सारे घ्यायचे असतात; हे मला फार सुंदर वाटते.

नियंत्रकांना स्वतंत्र संपर्कमार्ग असेल, तर साधा संच घ्यावा. संदेश नियंत्रकांमधूनच पुढे जाणार असतील, तर संलग्नच हवा.